आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढ

नेपरव्हिल, १७ जानेवारी २०२४

आश्लेषा,

परवा संक्रांत झाली. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं, पण तुझं पुस्तक नेमकं त्याच दिवशी येऊन दारात पडलं, त्यामुळे यंदा ते जमणार नाही. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मग मी विरघळेन, आणि मला विरघळायचं नाहीये. म्हणून कागदावर लिहितेय. उत्तरही कागदावरच हवंय.

'अहिल्याची चूल'. इंग्रजीत ऐकायला छान वाटतं, मान्य. तुझ्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं नाव सोनेरी अक्षरांत. त्याखाली एक हात भाकरी थापतोय, मनगटभर हिरव्या बांगड्या. हा कोणाचा हात आहे? माझ्या आईच्या त्या मनगटावर आयुष्यभर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. बांगडी दुसऱ्या हातात, एकच, आणि तीही फळ्यावर वाजते म्हणून शाळेत जाताना काढून ठेवायची.

बाहेरून आल्या आल्या, अंगातला कोटसुद्धा न काढता मी वाचायला घेतलं. पान नऊवर म्हणतेस की आजी पहाटे चारला उठून चूल पेटवायची. कराडच्या आमच्या घरात चूल कधी नव्हतीच. आधी स्टोव्ह होता, मग गॅस आला. पान चौदावर म्हणतेस, 'तिच्या हातांना पुस्तकं ठाऊक नव्हती, पण मिठाचं माप ठाऊक होतं.' इथे मी पुस्तक सोफ्यावर फेकलं. तुझा प्रसादकाका आतून धावत आला आणि त्याने विचारलं, कोणाचं काही बरंवाईट झालं का. मी म्हटलं, माझ्या आईचं झालंय.

अगं, ती बाई बी.एस्सी. होती. मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत भूमिती शिकवली तिने. कराडला गेले की बाजारात आजही एखादी म्हातारी मला अडवून सांगते की तुमच्या आईने माझ्या डोक्यात प्रमेय घातलं. आणि स्वयंपाक तिला येत नव्हता. थोडाफार येत होता असंही नाही. एकदा कुकरात पाणी न घालता ती शिट्टीची वाट बघत बसली होती. कंटाळा यायचा तिला त्या खोलीचा. तिथे जावं लागू नये म्हणून जन्मभर धडपडली, आणि तू तिला मेल्यावर तिथेच नेऊन बसवलंस, तेही पहाटे चारला.

मग आमचं घर जेवायचं कसं, हे तुला खरंच माहीत नाही, की माहीत असून असं लिहिलंस? एवढंच मला आधी सांग.

लतामावशी


पिस्कॅटवे, ३० जानेवारी

लतामावशी,

तुझं पत्र मी पार्किंग लॉटमध्ये उघडलं आणि कारमध्येच बसून राहिले. मला वाटलं होतं तू पहिला फोन करशील. म्हणशील, पोरी, आईचं नाव काढलंस.

तू विचारलंस, म्हणून सांगते. मी काही मनाने रचलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कराडला यायचो ते मला स्पष्ट आठवतंय. पदर खोचून आजीच वाढायची. आजीच म्हणायची, 'आणखी एक घे.' पप्पा म्हणायचे, 'आई, तुमच्या आमटीसाठी मी पुण्याहून येतो.' मग मी काय समजायचं? डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं. रेसिपीज मम्मीने फोनवर सांगितल्या, आणि ती म्हणाली, या आजीच्या.

चूल आणि चारची पहाट माझी नाही, ती एडिटरची. ती म्हणाली, पुस्तकाला एक हार्ट लागतं, रीडरला आजी दिसली पाहिजे. मी ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की आजी टीचर होती. तिने विचारलं, मग कुकिंगशी तिचा संबंध काय? मी ते वाक्य काढलं. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच. पण इथे अशी शंभर पुस्तकं येतात, मावशी. इंडियन आजी असली तर ते शेल्फवर राहतं, नाहीतर जातं. हात नैनाचा आहे, माझ्या मैत्रिणीचा. बांगड्या आम्ही एडिसनच्या इंडियन दुकानातून आणल्या.

मी जॉब सोडून तीन वर्षं हे लिहिलं. ऋषीच्या एकट्याच्या पगारावर घर चाललंय, तो व्हिसावर आहे आणि त्याच्या कंपनीत रोज लेऑफची चर्चा. तू सोफ्यावर फेकलंस ते हेच पुस्तक.

आजी नाही तर मग कोण करायचं?

आश्लेषा


नेपरव्हिल, ११ फेब्रुवारी

आश्लेषा,

बाबा करायचे. तुझे आजोबा. जगन्नाथराव, पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क, दहाला ऑफिस. त्याआधी कणीक मळण्यापासून आमच्या डब्यांपर्यंत सगळं त्यांचं. आई बाहेरच्या खोलीत वह्या तपासायची आणि अधूनमधून ओरडून विचारायची, 'झालं का हो?'

बाहेर मात्र हे कळू द्यायचं नव्हतं. साहेब घरी पोळ्या लाटतात असं कळलं असतं तर ऑफिसात बाबांना कोणी जगू दिलं नसतं, आणि शाळेत आईला. म्हणून पाहुणे यायचे असले की आमच्याकडे एक ठरलेलं नाटक असायचं. बाबा फोडणी घालायचे, मागच्या दाराने बाहेर पडायचे, परसातून वळसा घालून पुढच्या दाराने पेपर हातात घेऊन आत यायचे. तोवर आई पदर खोचून वाढायला उभी. पाहुणे म्हणायचे, 'वहिनी, आमटी करावी तर तुम्हीच.' आई म्हणायची, 'घ्या ना अजून.' बाबा पेपरामागे. तुझे पप्पा तर जावई, म्हणजे सगळ्यात मोठे पाहुणे. तुम्ही महिनाभर राहिलात की महिनाभर नाटक. तू प्रेक्षकांत बसलेलं पोर, तुला काय कळणार? एवढं मी तुला माफ करते.

पण पान एकवीसवरचं वाक्य माफ करत नाही. 'आजोबा ताटावर बसून तिची वाट पाहत.' अख्ख्या पुस्तकात बाबा फक्त या एका वाक्यात आहेत, आणि त्यातही बसलेले. ज्या माणसाने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं, खाऊ घातलं, त्याला तू आयतं खाणारा करून टाकलंस.

त्यांचं लग्न कसं ठरलं ते ऐक. आईला बघायला मंडळी आली. रिवाजाप्रमाणे तिच्या हातात पोह्यांचा ट्रे दिला, आणि तिच्या काकूने रिवाजाप्रमाणेच सांगितलं, 'पोहे आमच्या अहिल्यानेच केलेत हो.' असं सगळ्याच घरांत सांगतात, कोणी खरं मानत नाही, आणि खोटं तर कोणीच म्हणत नाही. आई म्हणाली, 'हे पोहे मी केलेले नाहीत. मला येत नाहीत.' काकू पांढरीफटक. तेव्हा बाबा म्हणाले, 'हरकत नाही. मला येतात.'

ही माझी आई. भरल्या बैठकीत हे बोलायची हिंमत असलेली. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढ आणि बाबांना ताटावरून उठव. मला दुसरं काही नको.

एप्रिलमध्ये आमच्या इथल्या लायब्ररीत तुझा कार्यक्रम आहे म्हणे. पत्रक पाहिलं. बांगड्यांसकट.

लतामावशी


पिस्कॅटवे, ४ मार्च

मावशी,

मी मम्मीला विचारलं. ती म्हणाली, लताला मोठं करून सांगायची सवय आहे, बाबा रविवारी फक्त मदत करायचे. मग तिने विषय बदलला. मी कोणावर विश्वास ठेवू?

पब्लिशर माझ्याशी दुसऱ्या पुस्तकाबद्दल बोलतायत. आजीचे सण. कॉन्ट्रॅक्ट अजून साइन झालेलं नाही. एप्रिलच्या इव्हेंटला माझी एडिटर न्यू यॉर्कहून येणार आहे. प्लीज, तू येऊ नकोस. किंवा ये, पण काही बोलू नकोस. नंतर आपण घरी बसून काय ते भांडू.

आश्लेषा


नेपरव्हिल, १२ मार्च

आश्लेषा,

येणार. पहिल्या रांगेत बसेन.

लतामावशी


पिस्कॅटवे, १८ एप्रिल

लतामावशी,

इतकं शांतपणे कोणी कोणाचं वाटोळं करू शकतं हे मला माहीत नव्हतं.

तू निळा कोट घालून बसलीस, हसलीससुद्धा. मला वाटलं, विरघळली. मग प्रश्नांच्या वेळी तू हात वर केलास आणि अगदी गोड आवाजात विचारलंस, तुमच्या आजीने तुम्हाला काय शिकवलं? मी मूर्ख. मी म्हटलं, पेशन्स. तू म्हणालीस, 'ती भूमिती शिकवायची. आणि पेशन्स तिला अजिबात नव्हता. मी तिची मुलगी आहे.' एवढं बोलून बसलीस. सगळे हसले, आणि मग मी काय बोलले ते मला आठवत नाही. मागच्या एका मुलीने व्हिडिओ घेतला होता. एडिटरने एअरपोर्टवरून फोन करून विचारलं की पुस्तकात अजून काय काय खोटं आहे. खोटं, हाच शब्द वापरला तिने.

आता माझा एक प्रश्न.

मी इथे शिकायला आले तेव्हा पहिल्या विंटर ब्रेकला तुझ्याकडे राहिले होते. तुमच्या मंडळाची संक्रांत होती. प्रसादकाका दोन दिवस गुळाच्या पोळ्या करत होते. गूळ तेच किसत होते, लाटत तेच होते, भाजत तेच होते. तू दिवाणखान्यात लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होतीस, आणि मधूनच ओरडून विचारत होतीस, 'झालं का?' संध्याकाळी हॉलमध्ये मोनाकाकू म्हणाली, 'लता, काय चव आहे गं तुझ्या हाताला.' तू म्हणालीस, 'अगं, गूळ नीट किसला गेला पाहिजे.' प्रसादकाका खुर्च्या लावत होते. मी तिथेच उभी होते, मावशी.

मला निदान माहीत नव्हतं. तुला तर माहीत होतं. मग लायब्ररीत हात वर करायचा हक्क तुला कोणी दिला?

आश्लेषा


नेपरव्हिल, २२ जून

आश्लेषा,

तुझं पत्र आल्यावर दोन महिने मी काही लिहिलं नाही. पहिला महिना तुझ्यावरच्या रागात गेला. दुसराही रागातच गेला, पण माझ्या स्वतःवरच्या. पोळ्यांबद्दल लिहिलंस ते वाचून पत्र टराटरा फाडलं होतं. मग टेप लावून चिकटवलं. त्याबद्दल आज याहून जास्त लिहीत नाही.

मी ताईला फोन लावला. भांडायलाच लावला. म्हटलं, पोरीला खोटं का सांगितलंस? बाबा रविवारी मदत करायचे म्हणे. नीलांबरीबाई, तुझ्या डब्यातल्या पोळ्या कोण लाटत होतं? त्यावर ती जे बोलली ते तुला कळायला हवं, कारण ती स्वतः तुला कधी सांगायची नाही.

लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा घरात चौदा माणसं होती. पहिल्याच होळीला तुझ्या आजीने, पप्पांच्या आईने, पुरणपोळ्या तिच्यावर टाकल्या. पुरण पातळ झालं, पोळ्या फाटल्या. पंगतीत सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, 'आईने काही शिकवलेलं दिसत नाही.' ताईने गुपचूप आईला फोन केला. आई म्हणाली, 'मला काय विचारतेस? बाबांना देते.' ताई म्हणते, त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की तो अजून गेलेला नाही. मला म्हणाली, 'तुला तशी आई आवडणारच. तू तिच्यासारखी शिकलीस आणि विमानात बसून निघून गेलीस. मला त्या घरात राहायचं होतं. त्या घरात मला स्वयंपाक येणारी आई लागत होती.'

फोन ठेवून मी तुझं पान चौदा पुन्हा काढून वाचलं.

म्हणजे ताईला जी आई हवी होती ती तू तिला छापून दिलीस. तुझ्याही नकळत दिलीस. ते वाचून ती रडली असेल, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आता कळतंय. पण आश्लेषा, मला जी आई होती ती मला परत हवी आहे. ताईचं दुःख खरं आहे म्हणून आईचं आयुष्य खोटं ठरत नाही. माझा राग तसाच आहे. फक्त आता तो कोणाकोणावर आहे याचा मला नीट हिशेब लागत नाही.

लायब्ररीबद्दल मी माफी मागणार नाही. हात वर करायचा हक्क मला नव्हता, हे तुझं बरोबर आहे. पण करायलाच हवा होता.

लतामावशी


पिस्कॅटवे, ६ जानेवारी २०२५

लतामावशी,

सहा महिने मी तुला लिहिलं नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. आता आहे.

सणांचं पुस्तक त्यांनी कॅन्सल केलं. तुझ्यामुळेच, असं मी ऑगस्टपर्यंत सगळ्यांना सांगत होते. ऋषीची नोकरी टिकली, आणि मी पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर टेस्टिंगचं काम घेतलंय, त्यामुळे घर चाललंय. पण या पुस्तकाची पेपरबॅक याच आठवड्यात निघतेय, तुझी प्रत वेगळी येईल. नाव बदलणार नाहीत, कव्हर बदलणार नाहीत. सेल्सच्या लोकांना तो हात आवडतो. नऊ, चौदा आणि एकवीस ही पानं मी पुन्हा लिहिली. त्यावरून तीन कॉल झाले. एका कॉलवर मी इतकी ओरडले की ऋषी दार लावून आत गेला. एडिटर म्हणाली, रीडर कन्फ्यूज होईल. मी म्हटलं, होऊ दे, मीही झाले होते. शेवटी तिने सुरुवातीला एक जादा पान दिलं. एकच.

हे सगळं मी मम्मीला आधी सांगितलं. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस पुरणाची रेसिपी पाठवली. पुस्तकात आहे ती नव्हे, पूर्ण, पुरण पातळ झालं तर काय करायचं त्यासकट. खाली एवढंच लिहिलं होतं, 'ही बाबांची. मला फोनवर त्यांनीच शिकवली.' मी ती पान एकावन्नवर जशीच्या तशी घातलीय, त्या ओळीसकट.

सुरुवातीचं पान तुझ्यासाठी मराठीत लिहून पाठवतेय:

'या पुस्तकाला माझ्या आजीचं नाव आहे, पण यातला एकही पदार्थ तिने केलेला नाही. अहिल्या भूमिती शिकवायची. रांधायचे ते आजोबा, जगन्नाथ. लहानपणी त्यांच्या बनियनवर नेहमी हळदीचे डाग दिसायचे आणि मला वाटायचं, आजोबा सांडत जेवतात. मी पाहिलं होतं, पण मला दिसलं नव्हतं. आजीला बघायला आले तेव्हा ती पोह्यांचा ट्रे घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे मी केलेले नाहीत. पुढच्या पानावर पोहे आहेत. ते आजोबांचे.'

तुझा राग जाईल म्हणून हे पाठवलेलं नाही. माझाही अजून गेलेला नाही. त्या दिवशी तू मला आधी बाजूला घेऊन सांगू शकली असतीस.

आश्लेषा


नेपरव्हिल, १९ जानेवारी २०२५

चि. आश्लेषा,

पुस्तक मिळालं. पोह्यांत मोहरी जास्त लिहिली आहेस. बाबा निम्मी घालायचे. हे तिसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर.

काल मंडळाची संक्रांत झाली. बाहेर गुडघाभर बर्फ, तरी शंभरेक माणसं आली. प्रसाद गुरुवारपासून पोळ्यांच्या मागे होता. मोनाने पहिला घास घेतला आणि दरवर्षीसारखं म्हणाली, 'लता, काय हात आहे गं तुझा.' आजूबाजूला दहा-बारा बायका. माझ्या तोंडाशी गुळाचं किसणं आलंच होतं, इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, 'मी केलेल्या नाहीत. मला येत नाहीत.'

मोनाला वाटलं मी चेष्टा करतेय. मी खुर्च्या लावणाऱ्या प्रसादकडे बोट दाखवलं. तू म्हणशील तो खूश झाला असेल. अजिबात नाही. तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, 'चारचौघांत सांगायची काय गरज होती?' मला इतकी चीड आली. म्हटलं, गरज होती. बाबांनाही असंच वाटायचं, आणि त्या वाटण्यापायी ते आयुष्यभर परसातून वळसे घालत राहिले. आम्ही दोघं गाडीत बसेपर्यंत भांडलो. पण मधल्या वेळात मोनाने त्याला गाठून विचारलं की पोळी फुटू नये म्हणून काय करता, आणि तो अर्धा तास हातवारे करून सांगत होता. त्याला एवढं बोलताना मी आमच्या लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही.

तुला बाजूला घेऊन आधी सांगायला हवं होतं, हे बरोबर आहे. आईनेही तिच्या काकूला बाजूला घेऊन सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडूनच आलंय माझ्यात. त्याचं मी काही करू शकत नाही.

ताईला एक प्रत मी इथून पाठवली. आता उन्हाळ्यात तू आणि ऋषी इकडे या. स्वयंपाक प्रसाद करेल. आपण दोघी बाहेर बसून भांडू.

आणि तो कव्हरवरचा हात मला अजून मान्य नाही. आज सकाळी काळं मार्कर घेऊन बांगड्यांवर घड्याळ काढलं. पट्टासुद्धा काढला. आता पुस्तक बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलंय, आल्यागेल्याला दिसेल असं.

तुझी,
लतामावशी